पहिलं पान मी छापलं नाही

प्रिय ताई,

परवा तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असतो तर त्याच्या कितीतरी आधी आपटला असता. "त्या गुडघ्यांना कधी सुट्टीबिट्टी असते की नाही रे?" असं तू विचारलंस, आणि मग जरा थांबून म्हणालीस, "आईला सांग, आता नाही आली तरी चालेल. पोरगी बसायला लागली की फोटो पाठवीन." हे मी आईला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तुझा आवाज फोनच्या बाहेर येतो आणि आपलं स्वयंपाकघर केवढं आहे ते तुला माहीत आहे. ती भांडी विसळत होती. नळ चालूच होता, पण तिचे हात थांबले होते. तेव्हाच ठरवलं की तुला पत्र लिहायचं. फोनवर बोलायला लागलो की माझ्या तोंडून गुडघेच बाहेर पडतात. कागदावर निदान खोडता तरी येतं. हे मी आधी कच्चं लिहून मग उतरवून काढतोय, म्हणून तुला खाडाखोड दिसणार नाही. कच्च्या कागदावर शाईपेक्षा काटच जास्त आहे.

तिचे गुडघे ठणठणीत आहेत. एवढं आधी सांगून टाकतो. ती तुझ्याकडे बाळंतपणाला आली नाही, नंतरही आली नाही, आणि तुला वाटतंय की तिला तुझी पर्वा राहिली नाही. हे असंच चालू राहिलं तर तुम्ही दोघी एकमेकींशी कायमच्या अबोल व्हाल, आणि मधे खोटं बोलणारा मी असेन. मला ते नको आहे. पण खरं काय ते सरळ सांगायला गेलं की माझा हात अडतो. म्हणून शिवणकामापासून सुरुवात करतो. हसू नकोस. मी शिवायला शिकलोय.

आपल्या घरात शिवणाचं अंग कोणालाच नाही हे मी तुला काय सांगणार. आईने माझ्या शाळेच्या सदऱ्याचं बटण लावलं होतं ते सदरा, बनियन सगळं एकत्र टाचून, आणि मी दिवसभर घामाने चिंब होऊन बसलो होतो कारण सदरा निघेचना. तर अशा घरातला मी. पण इंटरनेटवर लोक कपड्यांचे कागदी नमुने चक्क फुकट ठेवतात. तुला माहीत होतं का? झबली, पायजमे, पिशव्या, स्वयंपाकाचे अ‍ॅप्रन, काय हवं ते. नमुना मोठा असतो, म्हणून तो साध्या कागदाच्या पुष्कळ पानांवर तुकड्या-तुकड्याने छापायचा. प्रत्येक पानाच्या कडेला खुणा असतात. खुणेला खूण जुळवून पानं चिकटपट्टीने जोडायची, की जमिनीवर सतरंजीएवढा कागद तयार. मग रेघेवरून कापायचं, कापडावर ठेवायचं, खडूने उतरवायचं. सूचना इंग्रजीत असतात. माझं इंग्रजी म्हणजे गोदामातल्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या, तुला ठाऊकच आहे. पण शब्द न् शब्द शोधून मी ते वाचलं. उभा धागा कुठला, आडवा कुठला, शिवणीसाठी माया किती सोडायची, सगळं. मला ते आवडलं, ताई. नववीत शाळा सोडल्यापासून मी पहिल्यांदा काहीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं असेल.

पण मी झबल्याचा नमुना शोधत नव्हतो.

तुला डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही असं सांगितलं, त्याच सुमारास आईला उजव्या छातीत गाठ लागली. म्हणजे लागली होती आधीच, तिने लपवून ठेवली होती. मला कळलं तेही तिने सांगितलं म्हणून नाही. ती उजव्या हाताने दार ओढायचं टाळायला लागली म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही रे, झोपताना अवघडलं असेल." मग तपासण्या झाल्या, आणि मग शस्त्रक्रिया. उजवीकडचं सगळं काढावं लागलं. हे वाक्य मी कच्च्या कागदावर कितीतरी प्रकारे लिहून पाहिलं. याहून बरं वाक्य मला सापडलं नाही.

आत नेण्याआधी तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तिला कळवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." तुझे दिवस अवघड होते. तू हे ऐकून उठून निघाली असतीस, आणि भाऊजी तुला अडवू शकले नसते. म्हणून मी शपथ घेतली. तू फोन केलास तेव्हा मी रुग्णालयाच्या जिन्यात उभा होतो, आणि तू म्हणालीस, "आई कुठे आहे, दे ना जरा." मी म्हणालो, "तिचे गुडघे धरलेत, पडून आहे." पडून होती हे खरं होतं. पहिल्यांदा खोटं बोलताना मी त्यात थोडं खरं ठेवलं होतं. पुढे तेही राहिलं नाही.

आता जे लिहितो ते वाचताना माझा चेहरा डोळ्यांसमोर आणू नकोस. त्या दिवसांत मी आईकडे एकदाही नीट पाहिलं नाही. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा मी त्यांच्या पेनाच्या टोपणाकडे पाहत होतो. पट्टी बदलायला नर्स आली की मी पाण्याची बाटली भरायला बाहेर जायचो. बाटली भरलेली असली तर बेसिनमध्ये ओतून पुन्हा भरायचो. नर्स एकदा म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकून घ्या, घरी तुम्हालाच करायचंय." मी मान डोलावली आणि पाणी आणायला गेलो. घरी आईने स्वतःच पट्टी बदलली, आरशात बघून, दार लावून. मी दाराबाहेर उभा राहून विचारायचो, "काही हवंय का?" ती म्हणायची, "नको." मला सुटल्यासारखं वाटायचं. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

जखम भरल्यावर तिला ड्रायक्लीनिंगच्या दुकानात गल्ल्यावर परत जायचं होतं. मालकीणबाईंनी जागा राखून ठेवली होती. पहिल्या दिवशी आईने मोज्यांची गुंडाळी करून त्या बाजूला आत घातली आणि गेली. दुपारी कोणीतरी कोट न्यायला आलं. कोट वरच्या दांडीला होता. आईने हात वर केला, आणि गुंडाळी सरकून गळ्यापाशी आली. समोरची बाई भली होती, हळूच म्हणाली, "बाई, तुमचं काहीतरी वर आलंय." आईने तो कोट छातीशी धरला आणि तशीच दुकानातून बाहेर पडली. घरापर्यंत चालत आली, परक्या माणसाचा कोट कवटाळून. संध्याकाळी तो कोट मी परत नेऊन दिला. मालकीणबाईंनी कोट झटकून पुन्हा दांडीला लावला. त्यानंतर आई उंबऱ्याबाहेर गेली नाही. दूध, भाजी, औषधं सगळं मी आणायला लागलो. तुझी पोरगी झाली तो फोन आला तेव्हा ती एवढी रडली की मला वाटलं आता निघेलच. पिशवीसुद्धा भरली तिने. मग आरशासमोर उभी राहिली आणि पिशवी पुन्हा रिकामी केली.

असं झालेल्या बायकांसाठी तयार कपडे मिळतात. आत खिसा असतो, त्यात भरीव उशीसारखं काहीतरी बसवायचं. ती कामावर जायच्या आधीच मी तिला अशा एका दुकानाच्या दारापर्यंत नेलं होतं. गल्ल्यावर पुरुष होता. त्याने लांबूनच विचारलं, "कोणाचं माप?" आई म्हणाली, "चुकून आलो, आम्हाला पडदे हवे होते." आणि वळली. येताना रस्त्यात मला म्हणते, "पडदे घ्यायला हवेतच तसे." आम्ही दोघंही हसलो नाही.

मग मी फोनवर शोधायला लागलो. शोधताना काय लिहावं लागतं आणि त्यावर कसली चित्रं समोर येतात, हे तुला कळेल. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या आड बसून बघत होतो, तर माल चढवणारा लोडर मागून आला आणि ओरडला, "अरे, या बघायला! आमचे मास्तर रंगात आले!" चिठ्ठ्यांवरचं शुद्धलेखन तपासत बसतो म्हणून मला तिथे मास्तर म्हणतात. चौघं-पाच जण जमले. "मास्तर, जोडाक्षरं शिकताय काय?" "अरे, माप घेतायत माप!" मी सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं आणि सगळे गप्प झाले असते. मी काय केलं माहीत आहे? मी हसलो. डोळा मारला. आई ज्याच्यापायी घरात कोंडून बसली होती त्यावर मी चार टवाळांबरोबर हसलो, कारण खरं सांगण्यापेक्षा त्यांनी मला चावट समजणं मला सोपं वाटलं. पुढे कितीतरी दिवस ते "मास्तर, माप मिळालं का?" विचारायचे, आणि मी हसत राहायचो.

नमुना मात्र सापडला. कुठल्या लांबच्या देशातल्या बाईने ठेवलाय. तिचंही असंच झालंय. ती पैसे मागत नाही. सूचनांच्या शेवटी तिने एवढंच लिहिलंय की कपडा बसला नाही तर चूक तुमच्या अंगाची नाही, कापडाची आहे, शिवण उसवा. मी आईला सांगितलं की एक नमुना आहे, फुकट आहे, मी शिवून बघतो. कशाचा ते बोललो नाही, तिनेही विचारलं नाही. म्हणाली, "फुकट? मग काहीतरी खोट असणार त्यात."

माप विचारायची हिंमत झाली नाही. ती झोपलेली असताना दोरीवरचा तिचा जुना आतला कपडा काढला, दाराआड नेऊन टेपने मोजला आणि होता तसा परत लावला. होता तसा कसला! संध्याकाळी कपडे काढताना ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चिमटे इतक्या सरळ रेषेत कोण लावतं या घरात?" मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर तोच कपडा, इस्त्री करून, घडी घालून, माझ्या खुर्चीवर ठेवलेला. त्यावर टेप ठेवला होता.

छापायला गोदामातलाच प्रिंटर. नमुन्याच्या पहिल्या पानावर कपड्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, शेजारी चित्रही होतं. ते पान ट्रेमध्ये पडलेलं लोडरने पाहिलं तर काय होईल या भीतीने मी पहिलं पान सोडून बाकीची छापली. नुसत्या वाकड्या रेघा, कोणाला काय कळणार. सुपरवायझरने एक पान उचलून उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे काय, नदीचा नकाशा?" मी म्हणालो, "हो." त्यांनी ते परत ठेवलं.

शिवायला खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मशीन. त्यांना सांगितलं की भाचीसाठी झबली शिवायचीत. काकू खूश. दोरा कसा ओवायचा, बॉबिन कशी भरायची, पायाने एकसारखा वेग कसा ठेवायचा, सगळं त्यांनी शिकवलं. "मशीनला घाबरलास की ते चावतं," म्हणायच्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्या खिडकीपाशी बसून मी तो कपडा शिवला. टिपा इतक्या सरळ आल्या की मलाच खरं वाटेना. वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या पलंगावर ठेवला आणि बाहेर निघून गेलो. आलो तेव्हा तिने घातला होता. "होतोय की," म्हणाली. "जरासा घट्ट आहे, होईल सैल." दिवसभर तिने तो अंगावर ठेवला. संध्याकाळी तिला फळीवरचा डबा काढता येईना, श्वासही वरच्या वर घेत होती. माझं मन राखायला ती तो सोसत होती, आणि मी ते बघत असूनही विचारलं नाही. शेवटी तिनेच आत जाऊन काढला. धुवायला टाकला त्यावर जखमेच्या जागी लालसर डाग होता.

मग मी ते पहिलं पान छापलं. नावाच्या खाली, सूचनांमध्ये नव्हता असा, एक छोटा चौकोन होता आणि शेजारी लिहिलं होतं की आधी हा मोजा, तो बरोबर भरला तरच पुढची पानं छापा. माझा चौकोन कमी भरला. प्रिंटरने प्रत्येक पान कागदात बसावं म्हणून बारीक करून छापलं होतं. म्हणजे अख्खा कपडाच आक्रसलेला. गोदामात खोक्यावरची एक वेलांटी चुकली तर चिठ्ठी फाडून नवी लावणारा मी, आणि जे पान सगळ्यात आधी वाचायचं तेच लाजेपायी छापलं नव्हतं. त्याची शिक्षा आईच्या जखमेला झाली.

दुसऱ्या वेळी सगळं नीट मोजलं. पण काकूंची नजर पडलीच. त्यांनी शिवलेला तुकडा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "हे झबलं? तुझी भाची पैलवान दिसतेय!" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आईला त्यांनी इतक्यात जिन्यात पाहिलं नव्हतं, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. काही न विचारता आत गेल्या आणि मऊ इलॅस्टिकचं रीळ घेऊन आल्या. "हे लाव. ते तुझं बोचेल." मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "झबल्यालाही लागेल." काकू म्हणाल्या, "हो हो, झबल्यालाच."

आत भरायची उशी मी कापूस आणि बारीक काचमणी घालून केली, वजन यावं म्हणून. खिसा शिवताना कपडा खुर्चीच्या पाठीवर समोर तोंड करून लटकवला होता. उजवीकडे खिसा हवा, म्हणून माझ्या उजव्या हाताला येणाऱ्या बाजूला शिवला. दोनदा मोजला, तीनदा टाचण्या लावल्या. आईला दिला. ती आत गेली. मी दाराबाहेर उभा. आणि मग आतून हसू आलं. आई हसत होती, ताई! आधी नाकातून, मग मोठ्यांदा, मग खोकत. दार उघडून बाहेर आली, वर शाल ओढलेली, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, "अरे मेल्या, ही अजून आहे माझ्याकडे!"

मी डाव्या बाजूला खिसा केला होता. समोर तोंड केलेल्या कपड्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, एवढं लहान मुलालाही कळतं. तिच्याकडे मी एकदा जरी पाहिलं असतं तरी ती चूक झाली नसती. मी फक्त कागद पाहत होतो. मला रडू यायला लागलं तशी ती आणखी हसली. "एवढा मोजणारा तू, आणि बाजूच चुकलास?" मग तिने माझा हात धरला आणि शालीवरून त्या सपाट जागेवर ठेवला. म्हणाली, "ही. समजलं? बघ जरा माझ्याकडे." मी बघितलं. तिथे फक्त आई होती, थोडी बारीक झालेली. मला इतके महिने कशाची भीती वाटत होती कोण जाणे. उशी हातात घेऊन म्हणते, "आणि यात वीट घातलीयस का? मोठ्या कांद्याएवढं वजन पुरे."

तिसऱ्या कपड्याला ती शाल ओढून माझ्याबरोबर खाली काकूंकडे आली आणि शेजारी बसून तो शिवून घेतला. "इकडे सैल कर", "तिकडे पट्टी रुंद कर", जणू जन्मभर शिंपिणीला रागावत आलीय. मापही तिनेच घेतलं आणि मोठ्यांदा सांगितलं, आणि मी ते मोठ्यांदा परत म्हटलं. आकडे आकड्यांसारखे वाटले. मग ती घरात फिरली, वाकली, फळीवरचा डबा काढला. सोमवारी दुकानात गेली. संध्याकाळी आल्यावर पहिलं वाक्य, "वरच्या दांडीचे सगळे कोट आज मीच काढले." उरलेल्या कापडातून मी खरोखरच दोन झबली शिवलीत. त्याच बाईच्या जागेवर त्यांचाही नमुना फुकट आहे. त्यांचं पहिलं पान आधी छापलं. म्हणजे काकूंशी बोललेलं एक खोटं तरी खरं केलं.

येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. भाऊजींना तसं कळवलंय. आईने पिशवी पुन्हा भरलीय. तिची एकच धाकधूक आहे. म्हणते, बाळ भुकेलं असलं की कोणाच्याही छातीत तोंड खुपसतं, आणि माझ्याकडे त्याला कापूस आणि मणी लागतील. मी म्हणालो, त्याला काय कळतंय. ती म्हणाली, त्यालाच कळतं. याचं उत्तर तूच दे तिला. तू रागव, तुला हक्क आहे, पण माझ्यावर रागव. तिच्यावर रागावायचं असेल तर आधी बाळ तिच्या हातात दे आणि मग रागव.

आई एवढ्यात येतेच आहे, मग मी शपथ मोडून तुला हे का लिहितोय, असं तुला वाटेल. तिचं म्हणणं, मी समोर गेल्यावर सांगेन. सांगेलही. पण एक गोष्ट ती सांगणार नाही, कारण ती तिला कबूल करवत नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "यांना मुलगी आहे का?" मी हो म्हणालो. "मग तिला तपासून घ्यायला सांगा. तिला काही झालंय असं नाही, पण आईला झालं की मुलीने वेळेवर पाहायचं असतं. तिला नक्की सांगा." आई माझ्या शेजारीच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तिला आत्ता नको. माझ्यामुळे तिच्या मागे काही लागलं हे मला तिच्या तोंडावर म्हणवणार नाही." आणि मी ते ऐकलं. इतके महिने तू फोन करत होतीस, दूध येतंय का, पोरगी रात्री झोपते का सांगत होतीस, आणि मी गुडघ्यांचं रडगाणं लावून ही एक गोष्ट गिळत होतो. तुला बाळंतपणात कुठे काही टणक लागलं असतं, तर दुधामुळे असेल म्हणून तू सोडून दिलं असतंस, आणि ते माझ्या माथी आलं असतं. याच्यापुढे बाकीच्या सगळ्या लाजा किरकोळ आहेत. तेव्हा हात जोडतो, ताई, पत्र वाचून झालं की दवाखान्यात वेळ घे. मी आठवडाभर तिथेच राहीन. तू आत असशील तेव्हा पोरीला बाहेर मी सांभाळीन. मान कशी धरायची ते मला येत नाही, पण तोवर आईकडून शिकून घेतो. आता हे पाकीट पेटीत टाकून येतो, आणि आल्यावर आईला तोंडावर सांगतो की मी तुला सगळं लिहिलंय.

तुझ्या उत्तराला भिणारा, पण वाट बघणारा,
तुझाच धाकटा